घरी घडवलेली इलेक्ट्रिक गिटार

इलेक्ट्रिक गिटार घरी बनवता येते आणि ती कारखान्यातल्या चांगल्या गिटारीच्या तोडीची वाजू शकते, हे मी आता ठामपणे सांगू शकते. सुतारकामाचं रीतसर शिक्षण माझ्याकडे नव्हतं. रंधा, पटाशी, कानस थोडीफार हाताळलेली होती, सोल्डरिंग येत होतं आणि गिटार बऱ्यापैकी वाजवता येत होती. तेवढ्या भांडवलावर सुरुवात केली. अकूस्टिक गिटारीच्या वाटेला मुद्दामच गेले नाही. तिथे दोन-अडीच मिलिमीटर जाडीच्या फळ्या उष्णतेवर वाकवायच्या असतात, आतल्या पट्ट्या किती तासल्या यावर आवाज ठरतो आणि तो अंदाज बोटांत यायला वर्षं जातात. इलेक्ट्रिक गिटारीचा सांगाडा त्यामानाने सरळ आहे. जाड फळीची बॉडी, तिला स्क्रूने आवळलेला नेक म्हणजे मान, आणि तारांखाली पिकअप, म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे वेढे. मात्र या सरळ सांगाड्यात काही मापं अशी आहेत की त्यांत अर्ध्या मिलिमीटरचीही सूट चालत नाही, आणि बाकीची बरीचशी हवी तशी सैल चालतात. कुठे जीव ओतायचा आणि कुठे चालवून घ्यायचं, हे कळलं की अर्धं काम झालं.

हा सरळपणा मुळातच ठरवून आणलेला आहे. लिओ फेंडर हे रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ, स्वतः गिटार वाजवत नसत. १९५० साली त्यांनी बाजारात आणलेली आणि १९५१ पासून टेलिकास्टर म्हणून ओळखली जाणारी गिटार पाहिली तर दुरुस्ती करणाऱ्याचं डोकं लगेच दिसतं. नेक चार स्क्रूंवर बसवलेला. खराब झाला तर काढा, दुसरा लावा. त्याआधी, १९४० च्या सुमारास, गिटारवादक लेस पॉल यांनी पाइनच्या एका चौकोनी खांबावर तारा, ब्रिज (तारा खालच्या टोकाला जिथे टेकतात तो भाग) आणि पिकअप बसवून पाहिले होते. ते गिटारीसारखं दिसावं म्हणून त्याच्या दोन्ही कडांना पोकळ गिटारीचे अर्धे भाग नंतर लावले. वाजत होता तो खांबच. बॉडीच्या आकारावर आठवडेच्या आठवडे घालवणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

घरी गिटार बनवणाऱ्यांचं दैवत म्हणजे ब्रायन मे. १९६३ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्याने वडिलांबरोबर घरातच गिटार बनवायला घेतली. नेकसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचं महोगनी, ट्रेमोलोसाठी (तारा सैल-ताठ करून सूर हलवायच्या दांड्यासाठी) मोटारसायकलच्या इंजिनातल्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, फ्रेटबोर्डवरच्या, म्हणजे फ्रेट (धातूचे आडवे पडदे) बसवलेल्या पट्टीवरच्या, ठिपक्यांसाठी शिंपल्याची बटणं. पुढे क्वीन बँडबरोबर आयुष्यभर त्याने प्रामुख्याने तीच गिटार वाजवली. हातात जे आहे त्यातून काम करायची हिंमत मला तिथून मिळाली. पण त्या गिटारीचा नीट अभ्यास केला की आणखी एक गोष्ट लक्षात येते. सामान भंगारातलं असलं तरी मापात कुठेही तडजोड नाही.

माझं पहिलं काम कागदावर झालं. गिटारीएवढा लांब कागद घेतला आणि पूर्ण मापाचं रेखाटन केलं. सगळ्यात आधी मधोमध एक रेघ ओढली. नेक, पिकअप, ब्रिज, सगळं या मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना मोजायचं, फळीच्या कडेपासून कधीही नाही, कारण कड पुढे गोल होणार, घासली जाणार, तिचा भरवसा नाही. मग स्केल ठरवली. नटपासून, म्हणजे खुंट्यांकडच्या खाचांच्या पट्टीपासून, ब्रिजपर्यंत तारेची जी लांबी कंप पावते ती स्केल. फेंडर पद्धतीची ६४८ मिलिमीटर, गिब्सन पद्धतीची साधारण ६२८. लांब स्केलवर त्याच सुराला तार जास्त ताणलेली असते, आवाज थोडा खणखणीत येतो. आखूड स्केलवर तार बोटाला मऊ लागते. मी ६४८ घेतली. ब्रिज कागदावर ठेवताना बारीक तारेचं सॅडल (ब्रिजवरचा सरकणारा टेकू) जवळजवळ पूर्ण पुढे सरकवून ते ६४८ वर आणलं. सूर जुळवताना सॅडल मागेच जाणार असतं, त्यामुळे मागे जागा राखून ठेवावी लागते.

लाकडावरून गिटारवाल्यांमध्ये न संपणारे वाद आहेत. कुणी म्हणतं अ‍ॅशशिवाय ती खणक येत नाही, कुणी महोगनीच्या पलीकडे बघत नाही. पिकअपला ऐकू येते ती तार. लाकूड तारेची किती ऊर्जा खातं याचा थोडा फरक पडत असेलही, पण माझ्या अनुभवात पिकअपची उंची एक मिलिमीटरने बदलली तर त्याहून मोठा फरक ऐकू येतो. मी लाकूड घेताना दोनच गोष्टी बघते. ते पूर्ण वाळलेलं आहे का, आणि गळ्यात अडकवून तासभर उभं राहता येईल एवढं हलकं आहे का. वाळलेलं म्हणजे ८ टक्क्यांच्या आसपास ओलावा. ओलावा मोजायचं यंत्र नसेल तर फळी खोलीत हवेशीर ठेवायची आणि दर आठवड्याला वजन करून लिहून ठेवायचं. वजन घटायचं थांबलं की फळी त्या हवेशी जुळली. सागवान किंवा रोजवुडसारखं तेलकट लाकूड चिकटवायचं असेल तर ग्लू लावण्याआधी सांधा अ‍ॅसिटोनने पुसायचा, नाहीतर ग्लू धरत नाही.

नेकसाठी मात्र मी फळी निवडून घेतली. मेपलची, आणि टोकाकडून पाहिल्यावर वलयांच्या रेघा उभ्या दिसतील अशी. अशी फळी हवेतल्या ओलाव्याने कमी वाकते. १०-४६ (जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत) च्या संचातल्या सहा तारा सुरात लावल्या की नेकवर साधारण ४५ किलोंचा ताण येतो. तो पेलायला नेकच्या पोटात पोलादी ट्रस रॉड असतो. गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांनी १९२१ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. आताचे रॉड दोन्ही दिशांना काम करतात, नेक मागे ओढायचा असो की पुढे सोडायचा. त्यासाठी ६ मिलिमीटर रुंदीची खाच राऊटरने (लाकूड कोरायच्या यंत्राने) मध्यरेषेवर काढली. खाच इतकी नेमकी हवी की रॉड बोटाने दाबून बसला पाहिजे. सैल राहिला तर वाजवताना आत खडखडतो आणि फ्रेटबोर्ड चिकटवल्यावर तिथे पोहोचायचा मार्ग उरत नाही.

नेकची वरची बाजू सपाट करताना शेजारचे सुतारकाका बघत उभे होते. मी रंधा रेटत होते. ते म्हणाले, “ताई, जोर तुमचा नको. पात्याला धार आहे ना? मग त्यालाच काम करू द्या.” त्यांनी पातं काढून तेलाच्या दगडावर परत लावलं, रंध्यात बसवलं आणि कागदासारखी सलग ढलपी काढून दाखवली. त्या दिवसापासून काम सुरू करण्याआधी धार लावणं हा माझा नेम झाला.

नेक मी एका दमात कापून काढला नाही. जाडी आणि रुंदी अंतिम मापापेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्त ठेवून कापला आणि तसाच ठेवून दिला. लाकडाच्या आत ताण दडलेले असतात. बाजूचं लाकूड निघालं की ते मोकळे होतात आणि सरळ तुकडा बाकदार होतो. माझाही झाला, मधोमध जवळजवळ एक मिलिमीटर. जास्तीचं लाकूड राखलेलं होतं म्हणून रंध्याखाली तो परत सरळ करता आला. घाई करणाऱ्यांचे नेक फ्रेट बसवल्यावर वाकतात, आणि मग ट्रस रॉडने ओढूनताणून काम चालवावं लागतं.

आता फ्रेट. माझ्या मते गिटार बनवण्यातलं खरं काम इथेच आहे.

जागा काढायचं गणित सोपं आहे. सप्तकाचे बारा समान भाग करायचे, म्हणून प्रत्येक फ्रेटला तारेची उरलेली लांबी १.०५९४६ ने, म्हणजे २ च्या बाराव्या मुळाने, भागली जाते. हाताने करायचं तर उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागायचं आणि येईल तेवढं पुढे जायचं. ६४८ च्या स्केलवर पहिला फ्रेट नटपासून ३६.३७ मिलिमीटरवर येतो, बारावा बरोबर निम्म्यावर, ३२४ वर. एकविसावा आणि बाविसावा यांच्यात १०.८ मिलिमीटरच उरतात. जुने वाद्यकार सोयीसाठी सरळ १८ ने भागत. तसं केलं तर बाराव्या फ्रेटपर्यंत दोन मिलिमीटरहून जास्त फरक साचतो. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, सूर हलला तर सरकवता येतात. गिटारीचा फ्रेट एकदा ठोकला की तिथेच राहतो.

म्हणून खुणा करताना एका फ्रेटपासून पुढच्या फ्रेटपर्यंत मोजायचं नाही. सगळी अंतरं नटपासून मोजायची. नाहीतर प्रत्येक मापातला बारीकसा फरक पुढच्यात मिसळत जातो. शिवाय तोच फरक सगळीकडे सारखा ऐकू येत नाही. अर्धा मिलिमीटर चुकला तर पहिल्या फ्रेटवर सूर दीड सेंटही हलत नाही, विसाव्यावर मात्र चार सेंटपेक्षा जास्त हलतो, कारण तिथे तार आधीच आखूड झालेली असते. शंभर सेंटचा एक अर्धस्वर. नटकडच्या खुणा लोक डोळ्यात तेल घालून करतात आणि वरच्या टोकाला हात सैल सोडतात. खरी काळजी वरच्या टोकालाच घ्यायला हवी. मी पेन्सिल वापरली नाही, धारदार सुरीने रेघ ओढली. पेन्सिलीच्या रेघेला स्वतःची जाडी असते. सुरीची रेघ करवतीच्या दात्याला बसायला खाचही देते.

फ्रेटच्या तारेची खालची जीभ जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते, तिच्यासाठी ०.६ मिलिमीटर रुंद कापणारी बारीक करवत लागते. गुण्याला लागून असलेल्या ठोकळ्याच्या आधाराने हलक्या हाताने कापायचं. रोजवुडची भुकटी जांभळट तपकिरी असते आणि तिला किंचित गोडसर वास येतो. तो वास चांगला वाटला तरी मास्क काढायचा नाही. रोजवुडची धूळ काहींच्या त्वचेला आणि श्वासाला बाधते, आणि एकूणच लाकडाची बारीक धूळ कर्करोगकारक पदार्थांत मोडते. मी मास्क, चष्मा आणि राऊटर चालू असताना कानांवर मफ, यांत कधीच सूट घेत नाही.

फ्रेटबोर्ड नेकला चिकटवताना एक त्रास असतो. ग्लू लावला की क्लॅम्प आवळताना बोर्ड ओल्या साबणासारखा सरकतो आणि मध्यरेषा हुकते. फ्रेटच्या खाचांत दोन ठिकाणी बारीक खिळे आधीच आरपार बसवून जागा पक्की केली की ही काळजी मिटते. ग्लू सुकल्यावर खिळे उपसायचे, त्या जागी फ्रेट येतो, भोक दिसतही नाही. त्यानंतर १२ इंच त्रिज्येच्या ठोकळ्यावर पॉलिश पेपर लावून बोर्डला गोलाई दिली. फ्रेटची तार त्याहून थोडी जास्त वाकवून घेतली, म्हणजे ठोकताना टोकं आधी बसतात आणि मधला भाग दाबल्यावर ती उठत नाहीत. ठोकायला पितळी किंवा प्लास्टिक डोक्याची हातोडी घ्यावी, नेकखाली वाळूची पिशवी. फ्रेट नीट बसला की ठोक्याचा आवाज बदलतो. आधी पोकळ येतो, मग भरीव. काही फ्रेटनंतर कान आपोआप त्या आवाजाची वाट बघायला लागतो.

सगळे फ्रेट बसले म्हणजे काम झालं असं वाटतं, पण ते एका उंचीचे नसतात. फ्रेटची उंचीच जेमतेम सव्वा मिलिमीटर, आणि त्यातला दहाव्या भागाचा फरकही तारेला लागतो. आधी ट्रस रॉड फिरवून नेक पूर्ण सरळ केला. मग काळ्या मार्करने प्रत्येक फ्रेटच्या माथ्यावर शाई फिरवली. अ‍ॅल्युमिनियमच्या सरळ चौकोनी नळीला एका बाजूने ३२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवला आणि नळीचं वजन सोडून दुसरा जोर न देता ती लांबीच्या दिशेने फिरवायला सुरुवात केली. थोडे हात फिरल्यावर बहुतेक माथ्यांवरची शाई गेली आणि खाली चकचकीत रेघ उघडी पडली. पंधराव्या फ्रेटवरची रेघ रुंद होती, म्हणजे तो उंच. शेजारच्या चौदाव्याच्या मधोमध शाई जशीच्या तशी, म्हणजे तिथे कागद पोहोचलाच नव्हता. अशा वेळी त्या एका जागी जास्त घासायचा मोह होतो. तो टाळून सगळ्या नेकवर सारखी नळी फिरवत राहिले. चौदाव्यावरचा काळा पट्टा आखूड होत होत एका ठिपक्यावर आला, मग गेला. तिथे लगेच थांबायचं. त्यापुढे घासलेला प्रत्येक हात फ्रेटचं आयुष्य खातो.

घासल्यावर माथे सपाट होतात. सपाट माथ्यावर तार नेमकी कुठून सुटते ते ठरत नाही, सूर भोंगळ येतो. म्हणून खोलगट कानशीने प्रत्येक माथा परत गोल करायचा. पुन्हा मार्कर लावायचा आणि मधोमध केसाएवढी काळी रेघ शिल्लक राहीपर्यंतच घासायचं. शेवटी ४०० पासून २००० नंबरपर्यंत पॉलिश पेपर आणि धातूचं पॉलिश. हे सगळं पिकअप बसवायच्या आधी उरकायचं, निदान पिकअप झाकून तरी ठेवायचे, कारण पॉलिशला वापरतात त्या पोलादी लोकरीचा (स्टील वूलचा) एक तुकडा जरी चुंबकाला चिकटला तरी तो काढता काढता नाकी नऊ येतात.

नेकची मागची बाजू कानशीने आणि तासणीने गोल केली. आधी दोन्ही कडांवर सपाट पैलू पाडायचे, मग पैलूंचे पैलू, आणि शेवटी गोलाई. पहिल्या फ्रेटपाशी २१ मिलिमीटर, बाराव्यापाशी २३. दिव्याचा प्रकाश बाजूने पाडला की उंचवटे सावलीत दिसतात. जे दिसत नाहीत ते डोळे मिटून हात फिरवल्यावर कळतात.

बॉडीचं काम त्यामानाने भरभर झालं. दोन फळ्या जोडून ४५ मिलिमीटर जाडीची एक केली. सांधा उजेडासमोर धरून बघितला, फटीतून उजेड आला नाही तेव्हाच ग्लू लावला. एमडीएफचं टेम्प्लेट आधी कानशीने जिवापाड नीट केलं, कारण राऊटरचं बेअरिंग टेम्प्लेटची प्रत्येक खोड लाकडावर उतरवतं. बॉडीच्या शिंगांपाशी लाकडाचे रेषे आडवे येतात आणि राऊटर तिथे टवका उडवतो. म्हणून करवतीने रेघेच्या शक्य तितकं जवळ कापून घ्यायचं आणि एका वेळी चार-पाच मिलिमीटरपेक्षा खोल जायचं नाही. नेकचा खळगा १६ मिलिमीटर खोल. नेक त्यात हाताने दाबून बसला पाहिजे आणि स्क्रू न लावता बॉडी उचलली तरी पडता कामा नये.

ब्रिजची भोकं पाडण्याआधी मी एक गोष्ट नेहमी करते. नेक खळग्यात बसवून दोन्ही टोकांच्या खुंट्यांपासून ब्रिजच्या सॅडलपर्यंत शिवणकामाचा दोरा ताणून बांधते. दोन्ही दोरे नेकच्या कडांपासून सारख्या अंतरावर हवेत, पहिल्या फ्रेटपाशीही आणि शेवटच्या फ्रेटपाशीही. मगच ब्रिजच्या जागी खूण. नेक एका अंशानेही तिरका असेल तर ६४८ मिलिमीटर लांबीवर ब्रिज ११ मिलिमीटर बाजूला जातो आणि बारीक तार बोर्डवरून घसरून खाली जाते. इतक्या महिन्यांचं काम त्या दोन दोऱ्यांवर पारखून घेता येतं.

पिकअप विकत मिळतात आणि चांगले मिळतात. तरी एक तरी स्वतः गुंडाळून बघावा, कारण त्यानंतर गिटार बोलते कशी हे मनात कायमचं बसतं. चुंबक तारेला चुंबकत्व देतो, तार हलली की वेढ्यांतून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेढ्यांत वीज निर्माण होते. फॅराडेने १८३१ मध्ये दाखवलेलं हेच तत्त्व. सिंगल कॉइलसाठी, म्हणजे एकाच गुंडाळीच्या पिकअपसाठी, साधारण ०.०६३ मिलिमीटर जाडीची इनॅमल तार लागते, वेढे आठ हजारांच्या आसपास. एकूण लांबी एक किलोमीटरच्या वर जाते. तार इतकी बारीक की ती तुटली की नाही हे डोळ्यांआधी बोटांना कळतं. मी छोटी मोटर, तिच्या चकतीवर एक चुंबक आणि शेजारी रीड स्विच (चुंबक जवळ आला की जुळणारा) अशी जोडणी केली. स्विचच्या दोन तारा साध्या कॅल्क्युलेटरच्या बरोबरच्या बटणाला जोडल्या. १ + १ दाबून ठेवलं की प्रत्येक फेऱ्याला आकडा एकाने वाढतो. उजव्या हाताच्या चिमटीतून तार सोडत राहायची, ताण सारखा ठेवायचा. चिमूट घट्ट झाली तर तार तुटते, सैल झाली तर वेढे मऊ राहतात.

मऊ वेढे म्हणजे पुढे शिट्टी. मोठ्या आवाजात ते स्वतःच थरथरतात आणि अ‍ॅम्प्लिफायरमधून किंचाळी निघते. त्यावर उपाय मेणाचा. पॅराफिन आणि थोडं मधमाश्यांचं मेण पाण्याच्या भांड्यावर ठेवून ६५ अंशांपर्यंत वितळवायचं आणि पिकअप त्यात बुडवून ठेवायचा. बुडबुडे यायचे थांबले की आतली हवा गेली. थेट आचेवर मेण कधीही ठेवू नये, ते पेट घेतं. मीटरवर माझ्या पिकअपचा रोध सहा हजार ओहमच्या थोडा पुढे आला, जसा यायला हवा तसा. ब्रायन मेनेही आधी स्वतः पिकअप केले होते. तार बाजूला ताणली की त्यांतून नकोसा आवाज यायचा म्हणून पुढे त्याने बर्न्स ट्राय-सॉनिक बसवले.

सिंगल कॉइलला घरातल्या विजेची गुणगुण ऐकू येतेच. गिब्सनमधल्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये पेटंटसाठी दिलेल्या हमबकरमध्ये दोन कॉइल उलट्या गुंडाळलेल्या आणि त्यांच्याखालची चुंबकीय टोकंही उलटी असतात. गुणगुण एकमेकींत विरते, तारेचा आवाज मात्र जोडला जातो. मी दोन सिंगल कॉइल ठेवले आणि दुसरा त्याच पद्धतीने उलटा केला. स्विच मधल्या जागी आला की दोन्ही मिळून हमबकरसारखे शांत होतात. बाकी जोडणी साधी. आवाज आणि टोन कमी-जास्त करायला २५० किलोओहमचे दोन पॉट, टोनसाठी ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, खळग्यांत तांब्याची पट्टी आणि ब्रिजपासून अर्थिंगची तार. ती शेवटची तार विसरू नये. ती असली की तारांना हात लागताच गुणगुण बसते. तारा चढवण्याआधी अ‍ॅम्प्लिफायर लावून स्क्रूड्रायव्हरने प्रत्येक पिकअपवर टकटक केली. दोन्ही बोलले, स्विचही बरोबर निघाला.

फिनिशबद्दल मला फार सांगायचं नाही. बॉडीला लाखेचं स्पिरिट पॉलिश दिलं, पातळ हात, मध्ये सुकायला भरपूर वेळ. नेकला फक्त तेल. चकचकीत थर दिलेल्या नेकवर घामेजलेला अंगठा अडतो, तेल दिलेल्यावर सरकतो. पॉलिश खराब झालं तर परत देता येतं, त्यामुळे झोप उडवायचं हे ठिकाण नाही.

सेटअपवर, म्हणजे शेवटच्या जुळवणीवर, मात्र वेळ घालवा. तारा सुरात लावल्यावर नेक थोडा पुढे झुकतो. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत पाव मिलिमीटर जागा राहील एवढा ट्रस रॉड ओढला. नटच्या खाचा हाडाच्या पट्टीत कानशीने काढल्या, खुंटीकडे किंचित उतरत्या. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबली की पहिल्या फ्रेटवर केसाएवढी फट दिसली पाहिजे. जास्त असेल तर सुरुवातीच्या फ्रेटवर प्रत्येक सूर चढा लागतो, अजिबात नसेल तर मोकळी तार झणझणते. तंबोऱ्यात जवारी काढून जो झणत्कार हौसेने मिळवतात, तोच इथे नकोसा असतो. बाराव्या फ्रेटवर जाड तार दोन मिलिमीटर, बारीक तार दीड. मग बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर ताडून बघायचे. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरलेला असेल तर पुढे. जाड तारांची सॅडलं साहजिकच जास्त मागे जातात, कारण दाबल्यावर त्यांचा सूर जास्त चढतो.

पहिल्यांदा वाजवायला मित्राला दिली. तो माझ्यापेक्षा कितीतरी चांगला वाजवतो आणि तोंडावर खरं बोलतो. बराच वेळ तो वरच्या फ्रेटवर तारा ताणत बसला. चौदाव्यावर विशेष. तिथे काही अडलं नाही. मग म्हणाला, “आवाज छान आहे गं. पण तिसऱ्या फ्रेटपाशी नेक हाताला जाड लागतो. आणि ब्रिजकडचा पिकअप थोडा वर घे, तो मागे पडतोय.” पिकअप तिथल्या तिथे वर केला, दोन स्क्रूंचं काम. नेक घरी आल्यावर काढला, तिसऱ्या आणि पाचव्या फ्रेटच्या मधला भाग तासणीने अर्धा मिलिमीटर उतरवला, परत तेल दिलं आणि चार स्क्रू आवळले. हेच चिकटवलेल्या नेकवर कितीतरी जिकिरीचं झालं असतं.

कोरड्या हवेत फ्रेटची टोकं कडेला हाताला टोचायला लागली. लाकूड आक्रसतं, धातू नाही. बारीक कानशीने ती परत बसती केली, ट्रस रॉड पाव फेरा सोडला. नवीन नेकला पहिलं वर्ष असं सांभाळावंच लागतं. आता पुढच्या गिटारीसाठी हेडस्टॉक (खुंट्या असतात तो माथा) कोनात जोडायचा बेत आहे. मेपलच्या पट्टीला टोकाशी तिरका काप देऊन तोच तुकडा उलटा चिकटवायचा, म्हणजे रेषे तुटत नाहीत आणि तिथे तडा जायची भीती उरत नाही. स्केल या वेळी ६२८. पट्ट्यांचं वजन अजून दर आठवड्याला थोडं घटतंय, त्यामुळे करवत तूर्त लावलेली नाही. तोवर हमबकरच्या दोन कॉइल गुंडाळून होतील.